गोल न करणाऱ्यांचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात जिल्हास्तरीय शालेय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याची बातमी वाचली. ज्या पानाचा मोठा भाग क्रिकेटने आणि उरलेला कबड्डी, खो-खो व कुस्तीने व्यापलेला असतो, त्या पानावर मुलांच्या फुटबॉलला पंधरा-वीस ओळी आणि एक छायाचित्र मिळाले, याबद्दल आधी आपले मनापासून आभार मानतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तक्रारीच्या सुरात वाचले जाण्याची शक्यता आहे. सामना १-० असा सुटला, गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, चषक कोणाच्या हस्ते दिला गेला आणि व्यासपीठावर कोण कोण उपस्थित होते, हे सारे बातमीत आले होते. तो सामना मी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिला. गोल करणाऱ्या मुलाच्या पायाला त्या दिवशी चेंडू फार तर सात-आठ वेळा लागला असेल. दुसऱ्या सत्राची शेवटची वीस मिनिटे मात्र त्याच संघाच्या स्टॉपरने, म्हणजे मधल्या बचावपटूने, जवळजवळ एकट्याने खेळून काढली. दोनदा तर गोलकी (गोलरक्षक) जागा सोडून बाहेर आलेला असताना रेषेवरून चेंडू त्याने परतवला. त्याचे नाव बातमीत नव्हते. पाहुण्यांची पाच होती.

वार्ताहराला दोष देण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केल्यामुळे मला ठाऊक आहे की सामन्याचा तपशील बहुधा शाळेकडूनच वार्ताहराला जातो, आणि अशी टिपणे लिहिताना मीही वर्षानुवर्षे गोल करणाऱ्याचेच नाव लिहीत आलो. पण निवृत्तीनंतर वेळ मिळाल्यामुळे देशातले फुटबॉल थोडे नेमाने पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की परभणीच्या बातमीत जे घडते तेच थेट भारताच्या संघापर्यंत घडत असते. बचावपटूला आपल्याकडे बातमीत यायचे असेल तर त्याला आघाडीपटूचे काम करून दाखवावे लागते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण राहुल भेके या खेळाडूचे आहे. आपल्या वाचकांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल, याची मला शंका आहे, आणि ती शंका असावी हेच मला खटकते. मुंबईत वाढलेला हा मराठी मुलगा ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बंगळूरू आणि मुंबई सिटी अशा संघांकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला, भारताकडून खेळला, आशियाई चषक खेळला. जागा कधी उजव्या बाजूच्या बॅकची, कधी मधल्या बचावपटूची. तरीही देशभरच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव ठळक अक्षरांत आले ते मोजक्या प्रसंगी. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीग या देशातल्या प्रमुख व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, अतिरिक्त वेळेतल्या ११७व्या मिनिटाला, डिमास डेल्गाडोच्या कॉर्नर किकवर त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि बंगळूरूने गोव्याला १-० असे हरवून पहिल्यांदा ती स्पर्धा जिंकली. पुढे ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे नमवले. त्या स्पर्धेतला तो कोणत्याही भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि त्यातला निर्णायक गोल पुन्हा भेकेच्या डोक्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध भारताने १-१ अशी बरोबरी साधली, तिथेही बरोबरी करणारा गोल त्याचाच होता.

तीन गोल, तीन मथळे. आता त्या २०१९च्या अंतिम सामन्याकडे पुन्हा पाहू. भेकेने चेंडूला डोके लावले तो क्षण एका सेकंदाचा. त्याआधीची ११६ मिनिटे तो आणि त्याचे सोबती त्या हंगामात गोलांचा पाऊस पाडणाऱ्या गोव्याच्या आघाडीला रोखून उभे होते. गोव्याचा अहमद जाहू दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर गेला तोवर अतिरिक्त वेळेचे पहिले सत्र संपत आले होते, म्हणजे पूर्ण अकरा जणांच्या संघासमोरही हा बचाव तासाभराहून कितीतरी अधिक काळ टिकलेला होता. आदल्याच वर्षी बंगळूरूने घरच्या मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध अंतिम सामना २-३ असा गमावला होता, आणि त्यातले दोन गोल चेन्नईच्या मेल्सन आल्वेस या बचावपटूने कॉर्नरवरून, डोक्यानेच केले होते. कॉर्नर किकवर सामना हातातून कसा जातो, हे त्या संघाला एक वर्ष आधीच कळले होते. म्हणून २०१९चा शून्य गोलांचा बचाव मला त्या एका गोलापेक्षा मोठी बातमी वाटतो. पण शून्याचे छायाचित्र काढता येत नाही, ही वार्ताहराची अडचणही मी समजू शकतो.

हे दुखणे आजचे नाही. भारताने १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, आणि आजवर ते शेवटचेच ठरले आहे. त्या संघाचा खांब म्हणजे मोहन बागानचे स्टॉपर जरनैलसिंग. आजही त्यांच्याबद्दल काय सांगितले जाते? थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले, आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी उपांत्य व अंतिम सामन्यात त्यांना बचावातून काढून सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात प्रदीपकुमार बॅनर्जींनी एक आणि जरनैलसिंगांनी डोक्याने एक असे दोन गोल झाले व भारत २-१ असा जिंकला. गोष्ट खरी आहे, रोमांचक आहे, आणि मी स्वतः वर्गात शेकडो वेळा सांगितली आहे. पण तिच्यात एक विचित्रपणा दडलेला आहे, तो सांगताना कधी माझ्या ध्यानात आला नाही: देशाच्या सर्वांत थोर बचावपटूची आपल्याला आठवणारी मुख्य कामगिरी म्हणजे त्याने बचाव सोडून दिलेले दोन सामने. त्या सामन्यांत त्यांच्या रिकाम्या जागेवर उभे राहून अरुण घोष यांनी जो बचाव सांभाळला, त्याशिवाय रहीमसाहेबांची ही युक्ती अंगलट आली असती. अरुण घोषांची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांनी गोल केला नव्हता.

रहीमसाहेबांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करण्याची परवानगी घेतो, कारण ते आपल्या भागाच्या जवळचे आहे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि १९५८मध्ये छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपल्याकडची बरीच मुले पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरत. माझे वडील त्यांपैकी एक होते. रहीमसाहेबांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तो काळ त्यांच्या विद्यार्थिदशेचा. त्यांना गोल करणाऱ्यांची नावे पुढे फारशी आठवत नसत. आठवत ते बॅकला खेळणारे अझीझ, म्हणजे १९५२ आणि १९५६च्या ऑलिंपिक संघांतले सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन. अझीझ समोरच्याच्या अंगावर धावून जात नसत, त्याला थकवत असत, असे वडील सांगत, आणि सांगताना घरातल्या ओसरीवर स्वतः तिरपे उभे राहून दाखवत. हेलसिंकीला १९५२मध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० अशी दारुण हार पत्करणाऱ्या भारताचा संघ चार वर्षांनी मेलबर्नला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत जातो, यामागे रहीमसाहेबांची शिस्त होती आणि अझीझ यांच्यासारखी, दोन्ही संघांत असलेली माणसे होती. मेलबर्नचे नाव निघाले की मात्र नेव्हिल डिसूझा यांचे ऑस्ट्रेलियाविरुद्धचे तीन गोल आठवतात. तेही आठवलेच पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच की स्मरणाच्या यादीत एका ओळीची जागा आणखी आहे.

या विस्मरणाचा परिणाम कुठे होतो, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी गंगाखेडकडच्या एका तांड्यावरचा मुलगा आमच्या शाळेत शिकत होता. आईवडील ऊसतोडीला जात, दसरा झाला की बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्राकडे निघे, आणि हा मुलगा आजीजवळ मागे राही. उंची फारशी नव्हती, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचे. असे ज्ञान शिकवून येत नाही, निदान मला कधी शिकवता आले नाही. सुब्रतो चषक या देशव्यापी शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीत आम्ही अंतिम सामना जिंकला, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत आमच्यावर एकच गोल झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. कोणत्या वर्तमानपत्रात, ते महत्त्वाचे नाही. शाळेच्या वाचनालयात तो मुलगा बातमी वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचू लागला, हे मी पाहिले. पुढच्या जूनमध्ये सरावाच्या पहिल्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, औंदा मी फॉरवर्डला खेळू का?” मी त्याला खेळू दिले. आघाडीला तो सामान्य निघाला, वर्षभरात त्याचा खेळातला रस गेला, आणि दहावीनंतर तो ऊसतोडीला गेला. बातमीत नाव आले असते तर तो व्यावसायिक खेळाडू झाला असता, असा दावा मी करणार नाही. गरिबीचा रेटा वर्तमानपत्राच्या एका ओळीने थांबत नाही. पण जी जागा त्याची होती ती त्याने का सोडली, याचे कारण मला माहीत आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे, कारण बातमीचा कागद मीच लिहून दिला होता.

स्टॉपर, साइड बॅक (कडेचा बचावपटू) ही माणसे मैदानावर नेमके काय करतात, हे लोकांना फारसे ठाऊक नसते, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीचे कौतुक होत नाही. स्टॉपर ही जागा जन्माला आली तीच एका नियमबदलामुळे. पूर्वी आघाडीपटू ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर पुढे गेलेला, ठरू नये म्हणून त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. १९२५मध्ये ती संख्या दोनवर आणली गेली, गोल भराभर होऊ लागले, आणि ते थोपवण्यासाठी संघांनी सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभे केले. पुढे १९९२मध्ये आपल्या खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, असा नियम आला. तोवर अडचणीत सापडलेला बॅक चेंडू निवांत गोलकीकडे ढकलून मोकळा होत असे. आता त्याला पाठीवर माणूस असतानाही पायांतले कौशल्य दाखवून बाहेर पडावे लागते. हा नियम आमच्या शाळेच्या मैदानापर्यंत पोहोचायला दोन हंगाम लागले. एका विभागीय सामन्यात पंचांनी आमच्याविरुद्ध अप्रत्यक्ष फ्री किक दिली, तेव्हा मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला आणि नंतर नियमपुस्तिका उघडून त्यांची क्षमा मागितली.

मराठवाड्यातल्या मुलाच्या वाट्याला याशिवाय एक खास अडचण येते, ती जमिनीची. आमची मैदाने एक तर मुरमाची असतात नाही तर काळ्या मातीची. काळ्या मातीत पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. मुरमावर घसरून चेंडू काढायचा म्हणजे मांडीचे सालटे सोलून घ्यायचे. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायचा होता, त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’ या नावाने शाळांना फुटबॉल वाटले. आमच्या शाळेत आलेले चेंडू कुंपणाच्या बाभळींनी दिवाळीपूर्वीच निकामी केले, पण मुले महिनाभर मनसोक्त खेळली हेही खरे. अशा जमिनीवर वाढलेला बचावपटू घसरून चेंडू काढायला शिकतच नाही. तो उभ्यानेच बचाव करायला शिकतो: समोरच्याच्या पायांत न शिरता, अंग तिरपे ठेवून, एकेक पाऊल मागे सरकत त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलत राहायचे, म्हणजे वडील ओसरीवर दाखवत तसे. यात तोटा आहे तसा फायदाही आहे, कारण जमिनीवर लोळलेला बचावपटू पुढच्या दोन सेकंदांसाठी संघाच्या उपयोगाचा उरत नाही. मात्र पुण्या-मुंबईच्या निवड चाचणीत, गवतावर, निवड करणाऱ्यांच्या नजरेत भरतो तो घसरणाराच. आणि बचावपटूचे निम्मे काम तर तोंडाने चालते. “मागे ये”, “सोडू नको”, “माझा आहे” असे जो सतत बोलत राहतो, त्याच्या शेजारचे तीन खेळाडू जागेवर राहतात. आमची खेड्यातली मुले अनोळखी मुलांसमोर गप्प होतात, आणि चाचणीत ही मुले तिथेच मागे पडतात.

व्यवसाय म्हणून पाहिले तर बचावपटूची कारकीर्द आघाडीपटूपेक्षा वेगळ्या वेळापत्रकाने चालते, हे पालकांना कोणी तरी सांगायला हवे. आपल्या वाचकांना शेतीच्या भाषेत सांगायचे तर आघाडीपटू हा मूग आहे, साठ-सत्तर दिवसांत घरात येतो. बचावपटू ही तूर आहे, त्याच पावसावर पेरलेली पण सोयाबीन निघून गेल्यावरही महिनोन् महिने रानात उभी राहणारी. भेके भारताकडून पहिला सामना खेळला तो जून २०१९मध्ये, थायलंडच्या किंग्ज चषकात, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून मे २०२४मध्ये मोहन बागानला कोलकात्यात ३-१ असे हरवून त्याने सुपर लीगचा चषक उचलला, तेव्हा तेहतीस वर्षांचा. केरळातल्या कोंडोट्टीचा अनस एडाथोडिका हा त्याहून ठळक नमुना. मुंबई एफसी आणि नंतर पुणे एफसी या महाराष्ट्रातल्या दोन संघांकडून वर्षानुवर्षे इमानाने खेळल्यावर त्याला भारताची जर्सी मिळाली ती मार्च २०१७मध्ये, कंबोडियाविरुद्ध, वयाची तिशी उलटल्यावर. दोनच वर्षांनी, जानेवारी २०१९मध्ये, आशियाई चषकात बहारीनविरुद्धच्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच दुखापत होऊन तो बाहेर आला आणि पाठोपाठ त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली, जरी पुढे त्याच वर्षी ती मागे घेतली. तिशीत फुलायला लागलेली कारकीर्द अशी बत्तिशीच्या आत खंडित होते, तेव्हा तिच्या मागच्या दहा वर्षांचा हिशेब कोणत्या आकड्यांत मांडायचा, हा प्रश्न उरतोच.

दुखापतीबद्दल बोलायचे तर संदेश झिंगनचे नाव घ्यावे लागेल. चंडीगडचा हा उंचापुरा बचावपटू २०१४च्या पहिल्याच सुपर लीगमध्ये सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. २०१९मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यामुळे त्याचा अख्खा हंगाम वाया गेला. त्यातून उठून तो २०२१मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला, तिथे पुन्हा दुखापत झाली आणि एकही अधिकृत सामना न खेळता परत आला. यानंतरही तो बंगळूरूकडून ड्युरँड चषक जिंकला, गोव्याकडे गेला, भारताच्या बचावाचा आधार राहिला. उडी मारून डोक्याला डोके भिडवणे, धावत्या माणसासमोर पाय घालणे आणि अचानक वळणे हा ज्याचा रोजचा धंदा, त्याच्या गुडघ्यांकडे आणि घोट्यांकडे क्लबपेक्षाही त्याने स्वतः अधिक काटेकोरपणे पाहावे लागते.

दुसरे संकट क्लबांचे. अनस ज्या दोन संघांकडून महाराष्ट्रात खेळला, ते दोन्ही आज अस्तित्वात नाहीत. भेके ज्या पुणे सिटीकडून खेळला तो संघ २०१९मध्ये बंद पडला आणि सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. त्याआधी राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेडसारखा मातब्बर संघ २०१०मध्ये विसर्जित झाला होता. २०२५च्या उन्हाळ्यात तर सुपर लीगचाच पुढचा हंगाम अधांतरी लटकला, आणि ज्या बंगळूरू संघाकडे भेके २०२४मध्ये परतला होता, त्या संघाने ऑगस्टमध्ये खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन स्थगित केले. पूर्वी रेल्वे, बँका, एअर इंडिया किंवा टाटांच्या संघात खेळणाऱ्याला निदान नोकरी असे. खेळ थांबला तरी पगार थांबत नसे. हे संकट सर्वच खेळाडूंचे आहे हे मान्य, पण नव्या क्लबच्या दारात उभे राहताना आघाडीपटूजवळ गोलांचा आकडा असतो, तो फोनवरही सांगता येतो. बचावपटूला सांगावे लागते की मी तिथे होतो म्हणून काय घडले नाही.

एक गोष्ट मात्र अलीकडे त्यांच्या बाजूने घडली. सुपर लीग सुरू झाली तेव्हा एका संघात एका वेळी सहापर्यंत परदेशी खेळाडू मैदानात असू शकत. पुढे ही मर्यादा पाचवर आणि २०२१-२२च्या हंगामापासून चारवर आली. क्लब परदेशी खेळाडूंवर पैसा ओतत तो बहुधा संघाच्या कण्यावर, म्हणजे गोल करणारा, मधला सूत्रधार आणि मधला बचावपटू यांच्यावर. मर्यादा घटताच मधल्या बचावाच्या जागा भारतीयांसाठी मोकळ्या झाल्या. भेके उजव्या बाजूकडून मध्ये सरकला आणि मुंबई सिटीत स्थिरावला तो याच काळात, हा निव्वळ योगायोग नसावा.

खेळणे थांबल्यानंतरचेही आयुष्य असते, आणि तिथे बचावपटूला त्याचा धंदा कामी येतो, कारण सगळे मैदान समोर ठेवून खेळण्याची सवय त्यालाच असते. गोव्याचा महेश गवळी हा जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेला बचावपटू ईस्ट बंगाल, डेम्पो अशा संघांकडून दीर्घकाळ खेळला आणि पुढे प्रशिक्षणाकडे वळला. २०२३मध्ये बंगळूरूला झालेल्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक निलंबित असल्यामुळे लेबनॉनविरुद्धचा उपांत्य सामना आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना यांत भारताच्या बाकावरून सूत्रे गवळीने हलवली, आणि दोन्ही सामने पेनल्टी शूटआउटवर जिंकून भारताने चषक पटकावला. आपल्या भागातल्या एखाद्या मुलाला प्रशिक्षक व्हायचे असेल, तर त्याला गवळीचे नाव ठाऊक असायला हरकत नाही.

बक्षिसांची रीतही पाहण्यासारखी आहे. सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला सोन्याचा बूट मिळतो, उत्तम गोलरक्षकाला सोन्याचा हातमोजा. बूट आणि हातमोजा यांच्यामध्ये जे चार जण उभे असतात, त्यांच्यासाठी असे सोन्याचे काही नाही. जगभरातही फार वेगळे चित्र नाही. सर्वोत्तम फुटबॉलपटूला १९५६पासून दिल्या जाणाऱ्या बॅलन डी’ओर पुरस्कारावर बेकनबाउअर, झामर आणि २००६मध्ये कॅनाव्हारो अशी तीनच बचावपटूंची नावे कोरली गेली, आणि त्यातले पहिले दोघे बचावात राहूनही पुढे जाऊन खेळ रचण्यासाठी प्रसिद्ध होते. बाहेरच्या जगाची रीत बदलणे आपल्या हाती नाही. परभणीच्या, जालन्याच्या, नांदेडच्या बातमीची रीत मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून संपादक महोदय, माझी विनंती अगदी छोटी आहे. जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या फुटबॉल सामन्याची बातमी छापताना दोन्ही संघांच्या अकरा-अकरा खेळाडूंची नावे त्यांच्या जागेसह द्यावीत: गोलरक्षक, बॅक, हाफ, फॉरवर्ड अशी, जशी क्रिकेटच्या धावफलकात शून्यावर बाद झालेल्याचेही नाव येतेच. एखाद्या संघावर संपूर्ण स्पर्धेत एकही गोल झाला नसेल, तर ती गोष्ट बातमीच्या शेपटाला न ठेवता मथळ्याजवळ यावी. आणि छायाचित्रासाठी गोलजाळ्याच्या मागे उभा राहणारा आपला छायाचित्रकार एखाद्या सामन्यात पंधरा मिनिटे मधल्या रेषेजवळ उभा राहिला, तर त्याला काही वेगळे दिसेल असे वाटते. जागेची अडचण येईल हे मी जाणतो. जागा करायचीच झाली तर ती कुठून काढता येईल, हे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात सुचवले आहे.

पुढच्या महिन्यात विभागीय सामने आहेत. आमच्या जिल्ह्याच्या प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघांची पूर्ण यादी, जागा, कार्डे आणि बदली खेळाडूंसह, सुवाच्य अक्षरात लिहून मी स्वतः संध्याकाळी सहाच्या आत आपल्या परभणी कार्यालयात आणून देईन. प्रमुख पाहुण्यांची नावे त्या यादीत नसतील. ती आपल्या वार्ताहराला दुसरीकडून मिळतीलच.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
परभणी